शाळेजवळच्या वडावरची वटवाघळे, निपाहची भीती आणि झाड तोडण्याचा प्रस्ताव

वडाखालचा (खानापूर तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमच्या गावात मराठी शाळेच्या कुंपणाला लागून एक जुना वड आहे आणि माझ्या आजोबांच्या आठवणीपासून त्यावर मोठी वटवाघळे लटकलेली असतात. गेल्या आठवड्यात दोन संध्याकाळी मी ती उडताना मोजून पाहिली. आकडा चारशेच्या पुढे गेला आणि अंधार पडल्यावर मी नाद सोडला. आजवर त्यांचा त्रास म्हणजे पहाटेचा कलकलाट, झाडाखालची घाण आणि परड्यातल्या चिक्कूंची नासाडी एवढाच होता.

यंदा मात्र गावात बऱ्याच वर्षांनी महालक्ष्मी यात्रा भरणार आहे. घरोघरी पैपाहुणे येणार, मांडव पडणार, आणि नेमक्या याच वेळी केरळमधील निपाह या विषाणूविषयीचा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागला. वटवाघूळ म्हणजे उडते मरण, कोरोना, इबोला, निपाह सगळे त्याच्याच पोटात, अशा थाटाचा तो मजकूर आहे. त्यानंतरच्या ग्रामसभेत वड तोडावा, ते जमत नसेल तर फांद्या छाटून आणि फटाके लावून वटवाघळे यात्रेआधी हाकलावीत, असा प्रस्ताव आला. पीडीओंनी (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांनी) निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. मी शाळेच्या एसडीएमसीचा, म्हणजे विकास व देखरेख समितीचा सदस्य असल्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे पाहत आहेत आणि मला तर यातले काहीच धड ठाऊक नाही.

या संदेशात खरे किती आहे? मुले झाडाखाली खेळतात, अर्धवट खाल्लेली जांभळे आणि आंबे तिथे पडलेले असतात. त्यातून रोग होऊ शकतो का? शाळेची विहीर उघडी आहे. शिवाय आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर लहान वटवाघळे आहेत, ज्यांना आई पाकोळ्या म्हणते. ती वेगळी की तीच? यात्रेआधी काय करावे आणि काय करू नये, हे जाणकारांनी सांगावे.

जुना पशुवैद्य (बेळगाव)

संदेशात निम्मे खरे आहे, म्हणूनच तो फसवा आहे. वटवाघळे काही गंभीर विषाणूंचे नैसर्गिक आश्रयस्थान आहेत, ही अफवा नव्हे. निपाह, ऑस्ट्रेलियातील हेंड्रा आणि आफ्रिकेतील मारबर्ग यांच्या बाबतीत ते पक्के सिद्ध झालेले आहे. २००२-०३ मध्ये सार्सने ७७४ जणांचा बळी घेतला. त्या विषाणूचे जवळचे नातलग पुढे चीनमधील नालनाकी वटवाघळांत सापडले. इबोलाबद्दल संशय दाट आहे, पण मोठ्या साथी घडवणारा तो विषाणू वटवाघळातून जिवंत स्थितीत वेगळा करता आलेला नाही. कोविडच्या विषाणूचेही नातलग वटवाघळांत आहेत, मात्र तो माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला हा वाद अजून मिटलेला नाही. तेव्हा ‘सगळे त्याच्याच पोटात’ हे म्हणणे चूक आहे. जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत आणि प्रत्येक विषाणूचे आपापले ठरलेले यजमान, म्हणजे तो ज्यांच्या शरीरात राहतो असे प्राणी असतात. तुमच्या वडावरची बहुधा भारतीय फ्लाइंग फॉक्स, म्हणजे आपल्याकडची सर्वांत मोठी फळखाऊ जात असावी. पंख पसरले की चार फुटांच्या आसपास भरते. भारत आणि बांगलादेशात निपाहचा यजमान मुख्यतः हीच जात आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न गैरलागू नाही.

आता रोग माणसापर्यंत येतो कसा, ते नीट पाहू, कारण तुमच्या ग्रामसभेचा निर्णय त्यावरच ठरायला हवा. निपाह पहिल्यांदा १९९८-९९ मध्ये मलेशियात आढळला. डुकरांच्या गोठ्यांना लागून आंब्याची आणि इतर फळांची झाडे लावलेली होती. रात्री वटवाघळे येऊन फळे खात, अर्धी खाली टाकत, आणि ती उष्टी फळे डुकरे खात. डुकरांना खोकला लागला, डुकरांपासून ती पाळणाऱ्यांना मेंदूज्वर झाला. सुरुवातीला तो जपानी मेंदूज्वर समजून डासांविरुद्ध मोहीम चालवण्यात काही महिने गेले. तोवर साथ पसरली. २६५ जणांना लागण झाली, १०५ जण दगावले आणि दहा लाखांच्या वर डुकरे मारावी लागली. विषाणूला नाव मिळाले ते सुंगाई निपाह या गावावरून. गावाचा दोष काय होता, असे मला नेहमी वाटते. अख्ख्या जगात त्या गावाचे नाव आता केवळ रोगामुळे घेतले जाते.

बांगलादेशात डुकरांची गरजच पडली नाही. तिथे थंडीच्या दिवसांत खजुराच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडक्यात रस धरतात आणि पहाटे तो कच्चाच पितात. रात्री छायाचित्रे टिपणारे कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा वटवाघळे त्या खाचेवर बसून रस चाटताना आणि तिथेच मूत्र टाकताना दिसली. खाचेभोवती आणि मडक्यावर बांबूची चटई बांधली की वटवाघळांची वाट बंद होते. रस उकळून गूळ केला तर भीतीच राहत नाही.

दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: वटवाघूळ डोक्यावरून उडाले, किंवा झाडावर लटकले, म्हणून कोणी आजारी पडला नाही. त्याची लाळ किंवा मूत्र तोंडात गेले, थेट किंवा जनावरामार्फत, तेव्हा रोग झाला. आपल्याकडे उष्टे खाऊ नये हा संस्कार घराघरात आहे. तो माणसाच्या ताटापुरताच न ठेवता झाडाखाली पडलेल्या फळालाही लावायचा आहे. मुलांना एवढेच सांगा की दातांचे ओरखडे असलेले, चोथा झालेले किंवा जमिनीवर पडलेले फळ उचलून खायचे नाही. झाडावरून काढलेले धड फळ धुऊन आणि साल काढून खाण्यात अडचण नाही.

वटवाघूळ स्वतः का मरत नाही, हे कोणीतरी विचारेलच. उडताना त्याचे शरीर प्रचंड ऊर्जा जाळते आणि तापमान चाळीस अंशांच्या आसपास जाते. इतक्या झिजेतून पेशींची मोडतोड होते आणि ती मोडतोड पाहून प्रत्येक वेळी शरीराने दाह उसळवला, तर प्राणी उडूच शकणार नाही. म्हणून लक्षावधी वर्षांत त्याच्या शरीराने दाहाची प्रतिक्रिया मवाळ केली. उलट विषाणूला आरंभीच रोखणारी इंटरफेरॉनची व्यवस्था काही जातींत कायम जागी ठेवली. त्यामुळे विषाणू मरतही नाही आणि यजमानाला मारतही नाही. माणसात तोच विषाणू शिरला की आपले शरीर घाबरून जो दाह पेटवते, त्यानेच अर्धे नुकसान होते. ब्रँड्टचे वटवाघूळ म्हणून जेमतेम सात ग्रॅम वजनाची एक जात आहे. तिच्यातील एक नर खुणेची कडी अडकवल्यानंतर ४१ वर्षांनी जिवंत सापडला होता. उंदराएवढ्या प्राण्याला हे आयुष्य कसे लाभते, यावर आता म्हातारपणाचा अभ्यास करणारेही लक्ष ठेवून आहेत.

राहिला झाड तोडण्याचा मुद्दा. यावर मत देण्यापेक्षा घडलेली गोष्ट सांगतो. युगांडात किटाका नावाची खाण आहे. २००७ मध्ये तिथल्या खाणकामगारांना मारबर्गची लागण झाली, तेव्हा खाणीतील हजारो वटवाघळे मारून टाकण्यात आली. २०१२ मध्ये त्याच परिसरातील इबांडा येथे मारबर्गची पुन्हा साथ आली. शास्त्रज्ञांनी खाणीत परतलेली वटवाघळे तपासली, तर मारण्यापूर्वी सुमारे ५ टक्क्यांत आढळलेली लागण आता सुमारे १३ टक्क्यांवर गेली होती. कारण असे मानले जाते की जुन्या थव्यातील बहुतेकांना लागण होऊन गेलेली असते आणि त्यांच्यात प्रतिकारशक्ती असते. ती नाहीशी झाली की रिकाम्या जागेत बाहेरून नवी, कोवळी वटवाघळे येतात आणि विषाणूला ताजे शरीर मिळत राहते. म्हणजे मारून धोका कमी झाला नाही, वाढला.

ऑस्ट्रेलियाचा अनुभवही याच दिशेचा आहे. हेंड्रा विषाणू १९९४ मध्ये ब्रिस्बेनच्या त्याच नावाच्या उपनगरात घोड्यांच्या तबेल्यात सापडला. पुढे पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की हिवाळ्यात फुलणारी जंगले तोडली गेली, तशी वटवाघळे लहान लहान टोळ्यांनी शहरात आणि घोड्यांच्या कुरणांत उतरली, आणि अन्नटंचाईच्या काळात त्यांच्या शरीरातून विषाणू बाहेर पडण्याचे प्रमाण वाढले. ज्या हिवाळ्यात उरलेल्या जंगलात भरपूर फुलोरा आला, त्या हिवाळ्यात ती तिकडे परतली आणि घोड्यांना लागण झाली नाही. तुमच्या वडावरची चारशे वटवाघळे फटाक्यांनी उठवलीत, तर ती काही गोव्याला जाणार नाहीत. चार ठिकाणी फुटून कोणाच्या तरी परड्यातल्या आंब्यावर, विहिरीकाठच्या चिंचेवर बसतील. आज ती कुठे आहेत हे तुम्हाला ठाऊक तरी आहे. आणखी एक बाब ध्यानात घ्या. या जातीची पिल्ले साधारण फेब्रुवारी ते मे या काळात जन्मतात आणि मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. यात्रेच्या सुमारास फांद्या छाटल्या तर आईच्या पोटाला चिकटलेली पिल्ले खाली पडतील, ती उचलायला आधी धावतील ती शाळेतली मुलेच.

काजूवाला (नंदगड)

डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले सगळे पटले, पण झाड ज्याच्या बागेशेजारी आहे त्याचेही कोणीतरी ऐकावे. माझ्या चिक्कूच्या बागेत एका रात्रीत टोपलीभर फळ जमिनीवर येते. वटवाघळे बी पसरवतात, परागीभवन करतात, हे मी शाळेत शिकलो आहे आणि ते खरेही असेल. मोह आणि जांभूळ रानात कोण लावतो, हे मलाही ठाऊक आहे. तरी नुकसान एकट्याने सोसायचे आणि पुण्य सगळ्या गावाने घ्यायचे, हा हिशेब काही मला जमत नाही.

दुसरे, आमच्याकडे ‘पोपटाने टोचलेला पेरू गोड’ असे म्हणून लोक मुद्दाम तसले फळ शोधून खातात. मी स्वतः लहानपणापासून खात आलो. पाखराची चोच आणि वटवाघळाचा दात यांत फरक कसा ओळखायचा, ते सांगा. आणि काजूच्या हंगामात आमची माणसे गोव्यात कामाला जातात, तिथे बोंडांतून गळणारा निरो ताजाच पितात. खजुराच्या रसाची गोष्ट वाचून मला थेट तोच आठवला.

जुना पशुवैद्य (बेळगाव)

तुमची तक्रार रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. घडावर किंवा फांदीवर कापडी पिशवी बांधणे सर्वांत स्वस्त पडते. जाळी टाकणार असाल तर ती बारीक डोळ्यांची आणि चौकटीवर ताणून बसवलेली असावी. सैल, पातळ नायलॉनची जाळी टाकू नका. त्यात वटवाघूळ अडकते आणि ते सोडवायला गेलेला माणूस चावा घेऊन येतो. रोगाच्या दृष्टीने ही सैल जाळी बागेतील सर्वांत वाईट वस्तू आहे.

पोपट आणि वटवाघूळ यांच्या खुणा ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. पोपटाने टोचलेल्या फळावर रात्री वटवाघूळ बसले नसेल, याची हमी कोण देणार? टोचलेले, चावलेले फळ टाकून द्यायचे, इतकाच सरळ नियम ठेवा आणि ते डुकरांपुढेही टाकू नका. मलेशियाची गोष्ट तिथूनच सुरू झाली होती.

निरोबद्दल तुम्ही अचूक बोट ठेवले. खजुराच्या रसाप्रमाणे तो झाडावर रात्रभर उघडा राहत नाही, हा फरक आहे. पण बोंडे जमिनीवरून गोळा केलेली असतात आणि काजूची बोंडे वटवाघळे आवडीने खातात. मी स्वतः चावलेली बोंडे वेगळी काढल्याशिवाय गाळलेला निरो पिणार नाही. ही माझी खबरदारी आहे, संशोधनाचा निष्कर्ष म्हणून ती कोणाला सांगू नका. ऊर्ध्वपातन करून काढलेल्या उर्राक-फेणीला ही शंका लागू होत नाही; तिचे इतर दुष्परिणाम तुम्हाला ठाऊक आहेत.

रात्रपाळी (परिचारिका, बेळगाव)

मी वटवाघळांविषयी काही सांगू शकणार नाही, पण दवाखान्याच्या बाजूने दोन गोष्टी लिहिते, कारण व्हॉट्सॲपच्या संदेशात त्या कधीच नसतात.

भारतातील पहिली निपाहची साथ २००१ मध्ये सिलिगुडीत आली. ६६ जणांना लागण झाली, ४५ जण दगावले, आणि त्यांतील बहुतेकांना ती वटवाघळामुळे नव्हे तर रुग्णालयात झाली होती. रुग्णांची सेवा करणारे, भेटायला आलेले, शेजारच्या खाटेवरचे. तो निपाह होता हे तर कित्येक वर्षांनी, साठवून ठेवलेल्या नमुन्यांच्या तपासणीतून कळले. २०१८ च्या मे महिन्यात केरळमधील कोळिकोडला तेच झाले. १७ जण दगावले, त्यांत एक परिचारिका होती. पहिला रुग्ण एकच होता. बाकीच्यांना लागण मुख्यतः रुग्णालयांत, खोकल्यातून आणि जवळच्या स्पर्शातून झाली. मात्र त्या वेळी निदान काही दिवसांत झाले, संपर्कातील दोन हजारांवर लोकांवर लक्ष ठेवण्यात आले आणि साथ थांबली. २०१९ मध्ये एर्नाकुलमला जो रुग्ण सापडला, त्याच्यापासून पुढे एकालाही लागण झाली नाही आणि तो स्वतः बरा होऊन घरी गेला. विषाणू तोच आणि राज्यही तेच, फक्त मधल्या वर्षात तिथले दवाखाने शहाणे झाले होते.

म्हणून यात्रेच्या तयारीत फटाक्यांवर होणारा खर्च प्राथमिक आरोग्य केंद्रात मास्क, हातमोजे आणि साबण आहेत का हे पाहण्यावर करावा, असे मला वाटते. निपाहची लक्षणे दिसायला साधारण ४ ते १४ दिवस लागतात. ताप, डोकेदुखी, उलट्या, मग गुंगी किंवा बडबड, काहींना धाप. यांतील ताप आणि डोकेदुखी कोणालाही होते, तेवढ्यावरून घाबरायचे नाही. पण तापासोबत शुद्ध हरपू लागली किंवा रुग्ण नुकताच केरळमधून आलेला असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याआधीच ते सांगायचे. गावातले बरेच तरुण तिकडे कामाला असतात आणि घरचे लोक भीतीपोटी ही माहिती लपवतात, हा माझा अनुभव आहे. निपाहवर मान्यताप्राप्त लस नाही, ठरलेले औषध नाही. लागण झालेल्यांपैकी ४० ते ७५ टक्के दगावतात, म्हणून पहिला रुग्ण लवकर ओळखणे हाच खरा उपचार.

दुसरी गोष्ट चाव्याची. वटवाघूळ चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी जा. आपल्याकडे रेबीज बहुतांशी कुत्र्यामुळे होतो हे खरे, पण वटवाघळाचा चावा जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांत गंभीर गटात ठेवलेला आहे, मग जखम सुईच्या टोकाएवढी का असेना. दात इतके बारीक असतात की काही वेळा खूणही दिसत नाही. आणि कोणी दम्यावर औषध म्हणून वटवाघळाचे मांस आणत असेल, तर त्याला घरातल्या मोठ्या माणसांनीच रोखावे. आमच्या वॉर्डात एक आजी मला त्याचे गुण सांगत होत्या. मी त्यांना हात जोडले आणि पंप वापरायला शिकवले.

गुहेतला कंदील (जांबोटी)

प्रश्नकर्त्याच्या माळ्यावरील पाकोळ्यांकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. त्या वेगळ्या. वडावरची मोठी वटवाघळे फळे खातात आणि डोळ्यांनी व वासाने वाट काढतात. माळ्यावरच्या लहान जाती कीटक खातात आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंधारात उडतात. कोळिकोडच्या साथीत हा गोंधळ झाला होता. पहिल्या रुग्णाच्या घरच्या विहिरीत वटवाघळे सापडली आणि सगळीकडे तीच बातमी झाली. ती कीटकभक्षी निघाली आणि त्यांच्या नमुन्यांत निपाह आढळला नाही. नंतर त्याच भागातील फळखाऊ वटवाघळांत तो सापडला. मात्र म्हणून लहान जातींना निखालस निर्दोष ठरवता येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळे तपासली, तेव्हा एका फळखाऊ आणि एका कीटकभक्षी अशा दोन्ही जातींत निपाहविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. प्रतिपिंडे म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडल्याची खूण. माणसांतील लागण मात्र आजवर पश्चिम बंगाल आणि केरळ या दोन राज्यांतच नोंदली गेली आहे.

माळ्यावर खरा उपद्रव विष्ठेचा असतो. साचलेल्या कोरड्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते आणि झाडताना उडालेल्या धुळीतून ती फुप्फुसात जाते. म्हणून कोरडी केरसुणी फिरवू नका. आधी पाणी शिंपडा, चांगला मास्क आणि हातमोजे घाला, ओला मैला पिशवीत भरून पुरा. वटवाघळे घालवायची असतील तर पावसाळ्यानंतर, पिल्ले उडू लागल्यावर घालवा. संध्याकाळी ती कोणत्या फटीतून बाहेर पडतात ते पाहा, त्या फटीवर वरून बांधलेली आणि खाली मोकळी अशी जाळी सोडा, म्हणजे बाहेर पडता येते पण परत शिरता येत नाही. आठवडाभराने फट बुजवा. शाळेच्या विहिरीवरही जाळी बसवा; वटवाघळांसाठी नाही तरी मुलांसाठी ती आधीच हवी होती.

कायद्याचेही पाहून ठेवा. फळखाऊ वटवाघळे पूर्वी वन्यजीव कायद्यात कावळे आणि उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. झाडाच्या बाबतीत कर्नाटकाचा १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे; नुसता ग्रामसभेचा ठराव करून वड तोडता येत नाही, वनखात्याच्या ट्री ऑफिसरची परवानगी लागते. पीडीओंनी निर्णय पुढे ढकलला तो बहुधा यामुळेच असावा.

आणखी एक गोष्ट, थोडी अभिमानाची. आपल्या खानापूर तालुक्यातील भीमगडच्या जंगलात, तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. १९१२ च्या सुमारास तिथे रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ प्रथम सापडले आणि पुढच्या वर्षी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. कित्येक दशके साऱ्या जगात त्याचे ठिकाण म्हणून या एकाच गुहेचे नाव घेतले जात होते. मेघालय आणि कंबोडियात ते आढळले ते फार नंतर. ते कीटकभक्षी आहे आणि कायद्याने त्याला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झाले, त्यामागे या गुहांचाही वाटा होता. निपाहच्या संदेशाच्या भरात कोणी हौशी पोरे मशाली घेऊन तिकडे गेली, तर काय होईल याची मला जास्त काळजी वाटते.

आणि रानातल्या तापाचीच भीती घालायची असेल, तर आपल्या सीमेवर ती वटवाघळाची नाही, गोचिडांची घालावी. माकडताप १९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूरला सापडला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीतल्या पाळी गावात आणि २०१६ मध्ये दोडामार्गात पोहोचला. हे सगळे चोर्ल्याच्या घाटापलीकडचे शेजार आहे. काजूला जाणाऱ्या माणसांनी अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंगावर गोचीड आहे का ते पाहावे, आणि माकड मेलेले दिसले तर हात न लावता पंचायतीला कळवावे. ग्रामसभेत यावर अजून कोणी बोललेले मी ऐकलेले नाही.

वडाखालचा (खानापूर तालुका)

सर्वांचे आभार. कालच्या बैठकीत हा धागा मोबाईलवर वाचून दाखवला. रात्रपाळी ताईंचा मजकूर वाचताना सगळे शांत होते, किटाका खाणीच्या आकड्यांवर मात्र एका ज्येष्ठांनी “आफ्रिकेचे आम्हाला काय सांगता?” असे विचारले. तेव्हा मी महाबळेश्वरचे वाचले.

ठरले ते असे. वड राहील. यात्रेचा मांडव आणि जेवणाची पंगत वडापासून दूर, देवळाच्या पलीकडच्या माळावर हलवली आहे. झाडाखाली शाळेच्या बाजूने तारेचे कुंपण घालायचे, पडलेली फळे रोज सकाळी फावड्याने गोळा करून पुरायची, मुलांचा खेळ पलीकडच्या मैदानात. विहिरीच्या जाळीचा खर्च एसडीएमसी आणि पंचायत निम्मा निम्मा उचलणार. आशा ताई यात्रेआधी प्रत्येक घरी जाऊन ताप आणि प्रवास यांची नोंद घेतील. फटाके मात्र यात्रेच्या रात्री वाजणारच, ते थांबवणे माझ्या हातात नाही. फक्त आतषबाजीची जागा गावाच्या दुसऱ्या टोकाला नेण्यावर देवस्थानचे पंच राजी झाले आहेत.

एक शंका उरली. वडाखाली काल एक पिल्लू पडलेले होते, जिवंत. शिक्षकांनी वर्गाची खिडकी लावून घेतली आणि मला फोन केला. मी टोपली पालथी घालून ठेवली आणि वनखात्याच्या माणसाची वाट पाहिली, तो दुपारी आला. हे बरोबर केले का?

गुहेतला कंदील (जांबोटी)

बरोबर केलेत. पुढच्या वेळी टोपलीत एक खडबडीत कापड उभे लावा, म्हणजे त्याला लटकता येईल, आणि वनखात्याला विचारून ती टोपली संध्याकाळी त्याच झाडाच्या खालच्या फांदीला टांगा. आई बहुतेक वेळा अंधार पडल्यावर शोधत येते. हे सारे जाड चामड्याचे हातमोजे घालूनच, आणि मुले घरी गेल्यावर.